मोसंबीच्या बागेतला दुसरा दिवस

"तुमी व्हा पुढं. मी हाय मागं."

मामांचं हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा माणूस त्या काळी औंढ्याच्या आसपास सापडला नसता. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर आपण आधी तोंड बघतो. मामा त्याला पुढे जाऊ द्यायचे आणि मागून त्याची चाल बघायचे. दहावीस पावलं झाली की हाक यायची, "डाव्या टाचंला काय झालंय हो?" आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाला त्यांनी असं भर आठवडी बाजारात विचारलं. तो चिडला, काही झालेलं नाही म्हणाला, आणि पंधरा दिवसांनी टाचेतला काटा काढून घ्यायला हिंगोलीला दवाखान्यात जाऊन बसला.

मामा म्हणजे साऱ्या गावाचे मामा. त्यांचं उभं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. चार महिने घरी, आठ महिने रानोमाळ. मेंढपाळ कळपाच्या मागून चालतो, त्यामुळे जगातल्या बहुतेक जिवांची त्यांना पाठच जास्त ओळखीची होती. माझ्याशी बोलतानासुद्धा त्यांची नजर माझ्या तोंडावर फार वेळ ठरायची नाही, हळूच पायांकडे उतरायची. पहिल्या भेटीत मला वाटलं, आपली चप्पल तुटली आहे की काय. मी दोनदा खाली वाकून बघितलं.

मी तिथल्या शाळेवर बदलून गेलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि आमचा जिल्हा अजून परभणीच होता. दिवाळी आटोपली की तिथली पंधरा-सोळा माणसं नागनाथाचं दर्शन घेऊन पायी निघत, आणि जिंतूर, मंठा, जालना, औरंगाबाद करत वेरूळला घृष्णेश्वराच्या पायरीवर डोकं टेकवत. एका ज्योतिर्लिंगापासून दुसऱ्यापर्यंत. थाट काही नव्हता. एक झेंडा, सामानाला एक खिळखिळा टेम्पो, आणि वाटेत जो भाकरी घालील त्याचं भलं होवो. मला दिवाळीच्या सुट्टीत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गेलो. भक्ती म्हणाल तर ती जिंतूरच्या पुढे, पायांना फोड आल्यावर आली.

आता शिक्षकाला कोरा कागद दिसला की त्यावर रेघा मारल्याशिवाय राहवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्या वर्षी मी रस्त्याचा नकाशा पैदा केला आणि ताव भरून आराखडा काढला. कुठून कुठे, किती किलोमीटर, मुक्काम कुणाकडे, आणि तीन दिवस चालून झाले की चौथा दिवस विश्रांतीचा. सगळं समसमान. मंडळी खूष झाली. मामांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ उलटा धरला आणि परत केला.

"गुरुजी, पाय म्हंजे काय शाळंतले तास हायत का? घंटा वाजली की सुट्टी?"

"मग कसं ठरवायचं?"

"बघून."

त्यांच्याकडे रात्री शेतात कळप मुक्कामाला ठेवतात त्याला मेंढरं बसवणं म्हणतात. मामा माणसं बसवायचे. दिवसभर रांगेच्या शेवटी चालायचे, बत्तीस पाय बघायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, "उद्या बसायचं." लोक कुरकुरत. कुणाचं काही दुखत नाही, मग बसायचं कशाला?

"म्हनून तर," मामा म्हणायचे. "दुखाय लागल्यावर बसलं का मानूस उठत न्हाई. आदल्या दिशीच बसाय पायजे."

आदला दिवस त्यांना कसा कळायचा, हे मी पुष्कळदा विचारलं. कुणी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर जास्त वेळा घ्यायला लागला, कुणी चपलेचा बंद विनाकारण नीट करायला थांबला, असल्या बारीकसारीक गोष्टी ते सांगत. सगळ्यात मोठी खूण त्यांच्या लेखी एकच होती. "बोलनारं मानूस गप झालं का समजायचं, पायानं तोंड दाबलं."

बसायची जागाही ते निवडून घेत. पाणी जवळ हवं, सावली हवी, जमीन मऊ हवी आणि दुकान एकही नको. हा शेवटचा नियम जालन्यामुळे झाला. एका वर्षी माझ्या कागदाप्रमाणे आम्ही विश्रांतीचा दिवस जालन्यात ठेवला. सकाळी चहा झाल्यावर मंडळी जी बाजारात शिरली ती दिवे लागायच्या वेळी परतली. एकानं तर प्रेशर कुकर आणला होता. कुकर टेम्पोत बसेना, म्हणून तो पुढे वेरूळपर्यंत त्याच्या डोक्यावर आला. मामांनी सगळ्यांच्या पायांवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, "गुरुजी, चालत ऱ्हायलो असतो तर कमी चाललो असतो."

बसायच्या दिवशी मामा स्वतः मात्र बसत नसत. एरंडेलाची बाटली आणि सुई-दोरा घेऊन प्रत्येकापुढे उकिडवे व्हायचे. फोडातून दोरा ओवून तो तसाच आत ठेवायचे, म्हणजे पाणी हळूहळू निथळून जातं. कनेरगाव नाक्याच्या एक मावशी आमच्यात असायच्या. तिथल्या एका ढाब्यावर त्या भाकऱ्या थापत. आवाज असा की रस्त्यावरच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवायचं विसरावं. सुई बघितली की मावशी आधीच ओरडायच्या.

"मामा, सावकास! पाय हाय माजा, गोधडी न्हाई."

"गोधडी बरी," मामा म्हणायचे. "ती शिवताना बोलत न्हाई."

असं सगळं असूनही दरवर्षी शेवटाकडे कुणीतरी मोडायचंच. याचं कारण मामा नव्हते, आम्ही होतो. निघायच्या आधी नागनाथाच्या आवारात आमची बैठक व्हायची. मामा बसण्यासाठी पाच दिवस मागायचे. कुणाच्या कापसाची वेचणी चाललेली असायची, कुणाची हरभऱ्याची पेरणी राहिलेली असायची, आणि माझी शाळा उघडायची असायची. घासाघीस होऊन गाडी तिनावर थांबायची. मामा जास्त ताणत नसत. "बरं, तीन तर तीन," म्हणायचे आणि झेंडा दुसऱ्याच्या हातात देऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे.

एका वर्षी वारंगा फाट्याचा एक शिंपी नवे बूट घालून आला आणि औरंगाबादच्या पुढे त्याला पाऊल टाकवेना. मामा त्याच्याबरोबर मागे राहिले, आम्ही पुढे गेलो. मामांनी त्याला एस.टी.त घातलं आणि त्याच्या घरापर्यंत पोचवून आले. दुसऱ्या वर्षी एकाला ताप आला, तिसऱ्या वर्षी एकाचा गुडघा गेला. दर वेळी मागे राहणारे मामाच. आम्हीही ते इतकं धरून चाललो होतो की कुणाच्या मनात दुसरा विचार येत नसे.

माझ्या चौथ्या की पाचव्या खेपेला मंठ्याजवळ एका विहिरीवर आम्ही बसलो होतो. मी सहज म्हणालो, "मामा, वेरूळच्या देवळाच्या बाहेर तो पेढेवाला आहे ना..."

"म्या न्हाई बघितला."

"म्हणजे?"

"म्या वेरूळच न्हाई बघितलं, गुरुजी."

मला आधी थट्टा वाटली. मग मी मनातल्या मनात एकेक वर्ष मागे गेलो. खरंच की. सगळ्यांना वेरूळला नेणारा माणूस स्वतः एकदाही तिथवर पोचला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी लहानपणी तापानं अगदी हातची जायला निघाली होती. तेव्हा त्यांच्या बायकोनं नवस बोलला होता, पोर उठू दे, नागनाथापासून वेरूळपर्यंत चालत येईन. पोर उठली. पण मेंढरांमागे फिरता फिरता नवस राहून गेला, आणि मग बायकोच गेली.

"आता ते माज्यावर हाय," मामा म्हणाले.

"मग एखाद्या दिवशी एस.टी.नं जाऊन या की. आता कोण विचारतंय?"

"एस.टी.नं काय, लोक मुंबईहून येत्यात. तिनं पायी बोललं व्हतं."

"निदान शेवटच्या टप्प्यात तरी मागे थांबू नका. दुसरा कुणी थांबेल."

"मागं एक ऱ्हायलं तर मी पोचलो कसं म्हनू?" असं म्हणून ते एरंडेलाची बाटली घेऊन उठले.

या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मला माहीत होतं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे जे केलं ते मी माहीत असताना केलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, आवारातल्या बैठकीत, मामा पहिल्यांदा हट्टाला पेटले. त्यांचे गुडघे आता वाजायला लागले होते. म्हणाले, "बाकी तुमच्या मनासारखं करा. फकस्त बदनापूरच्या पुढं, त्या मोसंबीवाल्यांच्या बागंत, दोन दिवस बसायचं. पुरे दोन. मग घाट चढू. यंदा सगळेच्या सगळे पोचू." बागवाल्यांकडे आमचा दरवर्षी मुक्काम असे. विहीर, गर्द सावली, मऊ जमीन आणि बाजार लांब. मामांच्या मनासारखी जागा होती. सगळ्यांनी मान डोलावली. मीही माझ्या कागदावर बसायचे दिवस तिनाच्या जागी चार लिहिले. लिहिताना थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू.

जालन्याला पोचलो तेव्हा बागवाल्यांना कळवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. बदनापूरला त्यांचं खताचं दुकान होतं आणि दुकानात फोन होता. मी एस.टी.डी. बूथमध्ये शिरलो. मामा काचेच्या दाराबाहेर उभे राहिले.

फोन बागवाल्यांनीच उचलला. "दोन दिवस? अहो, चार दिवस ऱ्हावा गुरुजी. बाग तुमचीच हाय," ते म्हणाले.

मी फोन ठेवला, बाहेर आलो आणि म्हणालो, "मामा, एकच दिवस जमेल म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत."

कसं सुचलं मला? आजही नवल वाटतं. मुलगी बघायचा कार्यक्रम म्हटलं की कुणीही भला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. माझी स्वतःची मुलगी तेव्हा वर्षाची होत आली होती, मी निघालो तेव्हा भिंत धरून उभी राहायला लागली होती. शाळा उघडायच्या आधी एक दिवस तिच्याजवळ मिळावा असं वाटत होतं. पण हे सांगितलं की तुम्ही मला माफ कराल, म्हणून दुसरंही सांगतो. मला घाई झाली होती, कंटाळा आला होता, आणि माझ्या कागदात मामांनी बसायचा चौथा दिवस घुसडला याचा राग होता. तीन दिवसांत भागतं हे एकदा दाखवून द्यायचं होतं.

मामा क्षणभरही थांबले नाहीत. "लेकीचं काम हाय. आपली गर्दी कशाला त्यांच्या दारात? एकच दिवस बसू," म्हणाले.

बागेत पोचलो. बागवाल्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं की बेत बदललाय, परवा पहाटे निघावं लागेल. "फोनवर तर दोन दिवस म्हनत व्हते," ते जरा नाराज झाले, पण गडी-माणसांच्या गडबडीत विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. दुपारी त्यांची मुलगी सगळ्यांना पाणी द्यायला आली. दोन वेण्या, शाळेचा निळा स्कर्ट. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं घर मिळू दी, बाई." मुलगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी सोललेलं मोसंबं तसंच हातात धरून बसलो होतो. मान वर करायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी मामा माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले.

"मावशी आज बोलली न्हाई," ते म्हणाले.

"थकली असेल."

"व्हय. थकलीच हाय." त्यांनी बागेकडे बघितलं. "उद्याचा दिवस मिळाला असता तर बरं झालं असतं. पर काय करता."

त्या वेळीही मला सांगता आलं असतं. बागवाले वीस पावलांवर बैलांना वैरण टाकत होते. नुसतं उठून त्यांना विचारायचा अवकाश होता. मी उठलो आणि उद्याच्या टप्प्याचे किलोमीटर बघायला कागद काढला.

पहाटे निघालो. औरंगाबादपर्यंत मावशी चालल्या. दौलताबादच्या पुढे घाटात त्या एकदम रस्त्याच्या कडेला बसल्या. चप्पल काढून बघितलं तर पावलाला खोल चीर गेली होती आणि घोटा सुजून लाल झाला होता. ज्या बाईचा आवाज पहिल्या दिवसापासून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचत होता, ती तोंडात पदर घालून रडत होती. "मामा, तुमी जा," म्हणत होती. "माज्यापायी यंदा तरी ऱ्हाऊ नका."

तिथून वेरूळ किती राहिलं होतं सांगू? सकाळची वेळ होती. दुपारचं जेवण आम्ही वेरूळात केलं.

मामांनी पिशवी खाली ठेवली, मावशीचा पाय मांडीवर घेतला आणि वर बघून म्हणाले, "तुमी व्हा पुढं."

आम्ही गेलो. "मामा, तुम्ही जा, मी थांबतो," एवढी पाच-सहा शब्दांची गोष्ट होती. ते शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते आलेच नाहीत. मी कागद खिशात घालून घाट चढलो, सदरा काढून गाभाऱ्यात गेलो, पिंडीवर हात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीत बसलो.

मला घरी एक दिवस मिळाला. त्या दिवशी मी काय केलं, हे आज आठवतसुद्धा नाही.

मामांना यायला त्या खेपेला नेहमीपेक्षा दोन दिवस जास्त लागले. मी विचारलं तर म्हणाले, "मावशीला गाडीचे धक्के सोसंना. वाटंत थांबलो व्हतो." माझ्या मुलीसाठी त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून चार मोसंबी आणली होती. ती औरंगाबादच्या स्टँडवर घेतली असतील असं मी धरून चाललो. मनाला जे सोयीचं तेच माणूस धरून चालतो.

पुढच्या दिवाळीत मामांचे गुडघे इतके सुजले की त्यांना अंगणातून ओसरीवर यायला काठी लागायची. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. म्हटलं, मामा, बसायचं कुठं कुठं ते सांगा, मी लिहून घेतो.

"लिहून काय घेता? आता तुमीच ठरवा बसायचं."

"मी? मला कुठं जमणार?"

"बराबर जमंल. एक दिवस म्हंजे काय असतो, हे तुमाला आता म्हाईत झालंय." आणि लगेच सुनेला हाक मारून म्हणाले, "गुरुजींना च्या टाक गं."

मला वाटलं, मावशीच्या पायाबद्दल बोलतायत.

त्यानंतर पाच वर्षं मी रांगेच्या शेवटी चाललो. दुसऱ्यांचे पाय बघायला शिकलो. बैठकीत लोक घासाघीस करू लागले की मी खरंच भांडायचो. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. माझ्या कागदावर आता रेघा नव्हत्या, जागा मोकळ्या असायच्या आणि त्या वाटेत भरायच्या. त्या पाच वर्षांत एकही माणूस मागे राहिला नाही. निघाले तेवढे पोचले. मावशीसुद्धा दोनदा पोचल्या आणि घृष्णेश्वराच्या दारात अशा ओरडल्या की पुजारी बाहेर आले.

परत आलो की मी अंगारा घेऊन मामांकडे जायचो. ते अंगारा कपाळाला लावायचे आणि बाकी काही न विचारता एकच विचारायचे, "कोन कोन चाललं कसं?" मी प्रत्येकाच्या पायांची हकीकत सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. दर वर्षी त्यांच्याकडे जाताना ठरवून जायचो की आज सांगून टाकायचं. आणि दर वर्षी चहा पिऊन परत यायचो. त्यांना त्रास कशाला द्या, असं मी स्वतःला सांगायचो. त्रास कुणाचा वाचवत होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग माझी बदली वारंगा फाट्याकडच्या एका शाळेवर झाली. तोवर आमचा जिल्हा हिंगोली झाला होता. एका पावसाळ्यात औंढ्याचा एक विद्यार्थी, आता चांगला बाप्या झालेला, फाट्यावर भेटला. बोलता बोलता म्हणाला, "मामा गेले की सर. चार दिवस झाले." मी त्याच पावली औंढ्याची गाडी धरली. पोचलो तेव्हा ओसरीवर त्यांची काठी नव्हती, वहाणा नव्हत्या, काहीच नव्हतं. त्यांच्या मुलीनं, ज्या मुलीसाठी तो नवस होता तिनं, मला पाणी दिलं. चाळिशी उलटलेली बाई. म्हणाली, "बाबांचं तेवढं एक ऱ्हाऊन गेलं बगा, गुरुजी." मी मान हलवली.

दोनेक वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, मी औरंगाबादहून येत होतो. बदनापूर आलं आणि मी का कोण जाणे गाडीतून उतरलो. कुणाजवळ तरी एकदा बोलून टाकावं असं वाटत होतं, आणि ज्यांच्याजवळ बोलायचं ते तर राहिले नव्हते. चालत बागेपर्यंत गेलो. अर्धी बाग वाळून गेली होती. बागवाले थकले होते, पण त्यांनी ओळखलं. त्यांनी बाज टाकली, चहा आला. मी मामा गेल्याचं सांगितलं, आणि मग सगळंच सांगितलं. फोन, पाहुणे, मुलगी.

बागवाले कप हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला म्हाईत हाय, गुरुजी."

"तुम्हाला?"

"आन मामालाबी व्हतं. त्या मावशीला घेऊन ते हितंच आले ना परत. दोन दिवस हितंच व्हते. आल्या आल्या मला इचारलं, पाव्हण्यांना पोरगी पसंत पडली का? म्या म्हनलं, कोनते पाव्हणे? पोरगी तर नववीत हाय."

मी चहाचा कप बाजेवर ठेवला.

"काय म्हणाले?"

"त्या झाडाखाली बसून मावशीच्या पायाला तेल लावत ऱ्हायले. म्या म्हनलं, असा कसा वो तुमचा मास्तर? तर माज्यावरच चिडले. म्हनले, त्याचं लेकरू लहान हाय, घराकडं ओढ असती. आन मला बजावून ठिवलं, म्या हाय तंवर गुरुजीला ह्यातलं काय बोलायचं न्हाई. त्याला कळलं की मला कळलंय, तर तो लाजंल आन पुन्हा आपल्यासंगं चालाय येनार न्हाई."

मोसंबीची चार फळं त्यांनी कुठून आणली होती, तेही तेव्हा कळलं. हे सगळं माहीत असताना ते दर दिवाळीला माझ्या हातचा अंगारा कपाळाला लावत होते. माहीत असतानाच त्यांनी बसायचे दिवस माझ्या हातात दिले होते. आणि मी पाच वर्षं त्यांच्यापुढे बसून लोकांच्या पायांच्या हकीकती सांगत होतो. मला रडू आलं. बागवाल्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि गड्याला उगीचच काहीतरी काम सांगितलं.

ऊन उतरायला लागल्यावर मी जायला उठलो, तर ते म्हणाले, "आज मुक्काम करा. आन उद्याचा दिवसबी ऱ्हावा की गुरुजी. आता काय घाई हाय?"

घाई खरंच नव्हती. मुलगी मोठी झाली होती, शाळा उघडायला आठवडा होता. मी राहिलो. दुसरा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत त्या झाडाखाली बसून काढला. पण माझ्या बसण्यानं आता कुणीही पोचणार नव्हतं.